कवळीतली डावी टोपी

१

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बाबांनी टोस्टचा पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि खालची कवळी काढून बशीत ठेवली.

"डावीकडून उचलतेय," ते म्हणाले. "बाकी अगदी पायात मुरलेल्या चपलेसारखी बसलीय. पण डावी बाजू नुसती नाचतेय."

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे आणि आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, खालचे दात एकाच दवाखान्यात, एकाच महिन्यात बसवायला घेतले आणि तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. आईंनी जबड्याच्या हाडात चार इम्प्लांट, म्हणजे धातूचे खुंट, बसवून घेतले आणि त्यांच्यावर अख्खी दातांची रांग स्क्रूनं आवळून घेतली. ती फक्त डॉक्टरच काढू शकतात. तिच्या खालची फट धुवायला आईंकडे विजेवर चालणारी पाण्याची पिचकारी आहे: एक झाकणाची टाकी, एक बटण, आणि रोज सकाळी सातला सगळ्या घराला उठवणारी घरघर.

बाबांनी दोनच खुंट घेतले आणि वर काढता-घालता येणारी कवळी. तिच्या आतल्या बाजूला दोन धातूच्या वाट्या, प्रत्येक वाटीत नायलॉनची इवलीशी टोपी. ती खुंटावर टिचकन बसते, टिचबटणासारखी. "जे यंत्र उघडून साफ करता येत नाही, ते मी घेत नाही," हे बाबांचं म्हणणं. "दात म्हणजे काय खुंटीला टांगायची वस्तू आहे?" हे आईंचं. आई त्यांच्या दातांना कंत्राटी कामगार म्हणतात. बाबा आईंच्या दातांना सरकारी नोकर म्हणतात, कारण ते एकदा बसले की कोणी उठवू शकत नाही.

मी कवळी उलटी केली. उजव्या खाचेत गुलाबी टोपी होती, मसुराच्या दाण्याएवढी. डावी खाच रिकामी होती.

आता आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. शनिवारी सात वाजून पाच मिनिटांनी मी न्हाणीघराच्या दारात पोचले, तेव्हा माझा दहा महिन्यांचा मुलगा, ढब्बू, फरशीवर बसून आजोबांची कवळी चघळत होता. त्याचे स्वतःचे दोनच दात आहेत. बाकीचे उसने मिळाल्यासारखा खुशीत होता. मी ओरडले, कवळी हिसकावून तिथंच टाकली, त्याला उचललं आणि पुढचा अर्धा तास त्याचं तोंड, हात, गळा पुसत बसले. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण मी वेळा लिहून ठेवते. आमच्या फ्रिजवर माझ्या अक्षरातला एक कागद आहे. वर नऊ नियम, खाली तक्ता. पहिला नियम: "बाळाजवळ येणारी प्रत्येक वस्तू उकळून घ्यावी." तक्त्याला तीन रकाने: वेळ, वस्तू, सही. माझ्या नणंद, ताई, त्याला घराची राज्यघटना म्हणतात.

मी रिकाम्या खाचेत बोट घालून बघितलं. बाबा बशीकडे, ताई माझ्याकडे आणि आई आपल्या कपाकडे बघत होत्या. ढब्बू त्या दिवशी साडेसातपर्यंत झोपला होता. एरवी सातच्या पुढं मिनिटभर झोपत नाही. झोपू दे बिचाऱ्याला, असं तेव्हा वाटलं होतं. आता तेही वेगळंच वाटायला लागलं.

आतल्या खोलीत ढब्बू खोकला.

२

"एक्स-रे स्वच्छ आहे," मुलांचे डॉक्टर म्हणाले, आणि मी हसायच्या आत पुढचं वाक्य आलं. "पण नायलॉन एक्स-रेत दिसत नाही. धातू असता तर दिसला असता."

ढब्बूला दोन दिवस सर्दी होतीच. त्याच्या छातीत बारीक शिटीसारखा आवाज होता. तो सर्दीचा की आणखी कशाचा, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

"पोटात गेली असेल तर चिंता नाही, डायपरमध्ये मिळेल. श्वासनळीत असेल तर बसून राहता येत नाही. पाच वाजता भूल देऊन दुर्बीण आत घालू. एकनंतर दूध नाही, पाणीही नाही."

"आणि टोपी घरात सापडली तर?"

"तर ही साधी सर्दी. औषध देऊन घरी पाठवीन. पण मला डोळ्यांनी दिसली पाहिजे. 'असेल कुठंतरी' चालणार नाही."

एकला दहा कमी असताना मी त्याला पाजलं. एकला नर्सबाई आल्या. "तुम्ही जवळ असलात की हा दूध मागणार आणि रडून रडून छाती भरून घेणार. त्याच्या वडिलांकडे द्या, आणि तुम्ही घरी जा. शोधा."

ढब्बूच्या मुठीत माझी शाल होती. मूठ सोडवायला धीर होईना, म्हणून मी शालच खांद्यावरून काढून ठेवली. मी जिन्यापर्यंत पोचते तोच नर्सबाईंनी ती मागून आणून दिली. "हिलाही तुमचाच वास आहे," त्या म्हणाल्या.

घरी सगळे कामाला लागले होते. बाबा डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून फरशीवर आडवे झाले होते. ताईंनी बेसिनखालची नळी खोलून बादलीत रिकामी केली होती. आई केरसुणीनं गोळा केलेला केर चहाच्या गाळणीतून मुठीमुठीनं गाळत होत्या. त्यांचे डोळे लाल होते आणि सकाळपासून त्या चार शब्दसुद्धा बोलल्या नव्हत्या. एरवी त्या बोलायच्या थांबल्या की आम्ही रेडिओ बंद पडला का बघतो.

दोन वाजेपर्यंत एक कानातल्याची फिरकी सापडली आणि एक घड्याळाचा स्क्रू.

"अकरा वर्षं शोधत होतो याला," बाबा म्हणाले. मग आपल्या हातातल्या स्क्रूची त्यांना लाज वाटल्यासारखं झालं आणि त्यांनी तो खिशात टाकला.

दातांचा दवाखाना रविवारी बंद. पण त्यांच्या कार्डावर खाली आणखी एक नंबर होता, दात प्रत्यक्षात घडवणाऱ्या बाईंचा. दोन गल्ल्या सोडून त्यांची प्रयोगशाळा आहे, वर त्या राहतात. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

"उजवीकडे जी टोपी उरलीय," त्यांनी विचारलं, "तिचा रंग कोणता?"

"गुलाबी."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"कवळी तिथंच ठेवा. मी येते. आणि तोवर घरातल्या कोणालाही कचरा टाकायला बाहेर जाऊ देऊ नका."

३

कवळीवाल्या बाई पन्नाशीच्या होत्या. आखूड केस, नखांच्या कडेला प्लास्टरची पांढरी रेघ. "या, कारागीर," बाबा म्हणाले. बाईंनी मान हलवली, कवळी उचलली, खिडकीशी नेऊन दोनदा फिरवली आणि मला म्हणाल्या, "प्यायला पाणी कुठं मिळेल?"

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. आत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"ही कवळी तुमच्या सासऱ्यांचीच आहे. मीच केलीय. पण ही ती नाही."

मी त्यांच्या हातातली कवळी पुन्हा उलटी करून बघितली.

"त्यांचा डावा खुंट हाडात रुजायला तीन महिने जास्त लागले होते. तोवर त्याच्यावर भार नको, म्हणून मी ही तात्पुरती करून दिली होती. उजवीकडे वाटी आणि टोपी. डावीकडे नुसता खड्डा, खुंटाला काही लागू नये म्हणून. बघा, धातूची वाटीच नाही. हिच्यात डावी टोपी कधी नव्हतीच. हरवेल कशी?"

"म्हणजे ढब्बूनं काही गिळलेलं नाही!"

"असं मी म्हणाले नाही." त्यांचा आवाज एका पट्टीतच राहिला. "काल संध्याकाळी तो चघळत होता ती खरी. तिच्यात तीन महिन्यांपूर्वी मी दोन निळ्या टोप्या घातल्यात. सासऱ्यांची बोटं आखडतात, गुलाबीची पकड त्यांना जड जायला लागली होती. निळी सगळ्यात हलकी. हलकी, म्हणजे..."

"म्हणजे निघायलाही सोपी," मी म्हणाले.

"वाटीतून सहसा निघत नाही. पण सहसा म्हणून डॉक्टर थांबणार नाहीत. खरी कवळी हातात हवी. आत दोन टोप्या मोजायच्या. दोन भरल्या, तर पोरगं सुटलं."

"मग बाहेर जाऊन विचारते ना! कोणी बदलली—"

"थांबा. काल सात आणि आज आठ यांच्या मधे कोणीतरी खरी उचलली आणि जुनी ठेवली. म्हणजे खरीला काहीतरी झालंय आणि ते लपवायचंय. तुम्ही आरडाओरडा केलात आणि त्या माणसानं घाबरून ती संडासात टाकून पाणी सोडलं, तर आपण काय मोजणार? मला प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटं बोलू द्या. तुम्ही नुसत्या बसा. आणि चेहरा जरा..."

"काय?"

"तुमच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं."

ओट्यावरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

४

बाबांच्या कामाच्या खोलीत बोलणं झालं. भिंतीवर बावीस घड्याळं आहेत आणि बाबांच्या हट्टामुळे सगळी एकच वेळ दाखवतात. त्या दुपारी मला ती बावीस वेळा पाच वाजत आल्यासारखी वाटत होती.

आधी बाबा.

"काल सहाला सूप घेतलं, साडेसहाला काढली, वाडग्यात गार पाण्यात बुडवली, बेसिनच्या फळीवर ठेवली. तुम्ही सांगितलंय तसं. गरम पाण्याचा थेंब लागू देत नाही मी."

"जुनी तात्पुरती होती ती?"

"या खणात, निळ्या डबीत. मी काही टाकत नाही. ही दर वर्षी म्हणते टाका, मी म्हणतो असू दे." ते जरा थांबले. "कारागीर, एक विचारू? माझे दात नसते तर पोराला हे झालं नसतं ना? तसं असेल तर मला नकोत. मी उरलेलं आयुष्य सूप पिईन."

"दातांनी काही केलेलं नाही अजून," बाई म्हणाल्या.

मग ताई. त्या औषधांच्या दुकानात काम करतात आणि बाकी वेळ मला चिडवतात. त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"वाडगा फळीवरून मीच खाली ठेवला. स्टुलावर. केस धुवायचे होते बेसिनवर. अगं, सांगणार होते तुला, पण नियम क्रमांक चार..."

"जमिनीपासून तीन फुटांच्या आत काही ठेवू नये," मी म्हणाले.

"पाठ आहे ना तुला. मलाही आहे, म्हणून तर बोलले नाही." त्यांचा आवाज चिरकला. "माझ्यामुळे त्याच्या हाताला लागली ती."

"नंतर ती उचलून धुतलीत का?" बाईंनी विचारलं.

"मी खोलीत गेले ते सकाळीच बाहेर आले. आणि धुतली असती तर गारच पाण्यात. बाबांच्या कवळीच्या गोळ्या मीच आणते. दर पाकिटाला वाचून दाखवते, गरम पाणी वापरू नये. बाबा म्हणतात, मला पाठ आहे. मी तरी वाचते. दुकानातली सवय."

आई शेवटी आल्या. पदर नीट केला, हात मांडीवर घट्ट धरले.

"मी त्या कवळीला हातही लावला नाही. मला त्या काढण्या-घालण्यातलं काय कळतं? माझे आहेत ते तोंडात. कढत चहा पिते, वाफाळतं सूप पिते, काही होत नाही त्यांना."

"होणारही नाही," बाई म्हणाल्या. "खालची फट धुता ना नियमित? पिचकारीनं?"

"एक दिवस चुकवत नाही. तुम्हीच दम दिला होतात."

"आज?"

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "आज कुठलं? आज पोराच्या गडबडीत राहून गेलं."

त्या उठून गेल्या. बाईंनी खिशातून छोटी वही काढली, काही न लिहिताच परत ठेवली आणि मला विचारलं, "पोराची गडबड किती वाजता सुरू झाली?"

"आठ वाजून दहा."

"आणि पिचकारी किती वाजता असते?"

मला ढब्बूची साडेसातपर्यंतची झोप आठवली. त्याला उठवायला आज घरात काही वाजलंच नव्हतं.

५

तीन पस्तीसला नवऱ्याचा फोन आला. मागून ढब्बूचं रडणं ऐकू येत होतं. भुकेचं रडणं मला वेगळं कळतं. ते रडणं ऐकू आलं की अंग आपोआप उत्तर देतं. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

बाई तेवढ्या वेळात पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी आत गेले तर त्या फ्रिजसमोर उभ्या राहून माझा कागद वाचत होत्या, बोट ओळीवर ठेवून.

"शनिवार. सहा वाजता, बाटल्या चार, ही सही?"

"माझी."

"त्याखाली. सात-चाळीस. वस्तूचा रकाना कोरा. ही सही?"

"आईंची."

"काल सात-चाळीसला काय उकळलं?"

"बाटल्याच असतील," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. बाटल्या मी सहाला उकळल्या होत्या. त्यानंतर एकही वापरली नव्हती. सर्दी झाली की ढब्बू बाटली तोंडाला लावू देत नाही. चारही तशाच झाकून ठेवलेल्या होत्या, समोरच.

"बाळाजवळ येणारी प्रत्येक वस्तू उकळून घ्यावी," बाईंनी वाचलं. "सात-पाचला बाळाजवळ कुठली वस्तू आली होती?"

"कवळी," मी म्हणाले.

"तुमचे सासरे कवळी उकळणार नाहीत. घड्याळजी आहेत, तेल कुठं आणि पाणी कुठं हे त्यांना कळतं. नणंद उकळणार नाही, ती पाकिटं वाचते. कवळी उकळेल कोण? ज्याचे दात कधी तोंडाबाहेर आलेच नाहीत. ज्याला वाटतं दात म्हणजे दात, कढत चहानं यांना काही होत नाही, तर कढत पाण्यानं त्यांना काय होणार. अॅक्रिलिक आहे ते. उकळलं की पिळवटतं." त्यांनी ग्लास विसळून पालथा घातला. "त्या बाईंनी नियम पाळला. कवळी वाकडी झाली तेव्हा घाबरून जुनी काढून ठेवली. सगळं लपवलं, पण तक्त्यात सही करायची काही चुकवली नाही. खोटं लिहवेना, म्हणून रकाना कोरा सोडला."

"मग ती आहे कुठं?"

"दोन वर्षं नवऱ्याला रोज रात्री काय करताना बघत आल्यात त्या? कवळी पाण्यात ठेवताना. वाकडी झाली तरी पाण्यातच ठेवली असणार, माझ्याकडे आणली तर सरळ होईल या आशेनं. घरात अशी कुठली पाण्याची जागा आहे, जिला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही? आणि जी आज सकाळी त्यांना स्वतःला वापरता आली नाही?"

मी न्हाणीघराकडे धावले. मधे ताई आडव्या आल्या, "काय झालं? काय झालं?" करत मागे आल्या. बाबाही उठले.

पिचकारी फळीवर होती. टाकीचं प्लॅस्टिक धुरकट, आतलं नीट दिसत नव्हतं. मी झाकण उघडलं.

तळाशी कवळी होती. एक टोक वर वळलेलं, वाळलेल्या पानासारखं. गुलाबी हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. मी हात घालणार तोच बाईंनी मनगट धरून तो बाजूला केला आणि स्वतः ती बाहेर काढली, खिडकीशी नेली, उलटी केली.

"उजवी," त्या म्हणाल्या. "आहे. निळी."

डाव्या बाजूवर पांढरा थर आला होता. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला. नखानं खरवडला. बाबांनी न बोलता खिशातलं भिंग पुढं केलं.

"डावी," बाई म्हणाल्या, "आहे. निळी. दोन."

घड्याळात किती वाजले ते मी त्या वेळी बघितलं नाही.

दारात आई उभ्या होत्या. "ते काय मोजताय?" त्यांनी विचारलं. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. आई चौकटीला धरून खाली बसल्या.

"आधी का नाही बोललात कोणी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी ती जुनी स्टुलावर ठेवली, त्यातलीच त्यानं काढून गिळली. काल रात्री साडेआठला परत तिकडेच रांगत गेला होता तो. मला वाटलं मीच... सकाळपासून मी केर गाळतेय. ही दाखवली की पोर सुटतंय हे कळलं असतं, तर मी धावत नेली असती दवाखान्यात."

"आई, पण उकळली तेव्हाच सांगायचंत ना," मी म्हणाले. मला ते जितकं शांतपणे म्हणायचं होतं, तितकं म्हणता आलं नाही.

त्यांनी वर बघितलं. "तुला? माझ्या हातून काही बिघडलं की फ्रिजवर नवा नियम लागतो, अगं. दहावा कोणाच्या नावानं लागला असता?"

बाबा हळूच खाली बसले, गुडघे कटकट वाजवत, आईंच्या शेजारी. "सरकारी नोकरांनी," ते म्हणाले, "कंत्राटी कामगाराला उकळून काढलं."

आई रडता रडता हसल्या. मग जास्तच रडल्या.

६

चार वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलं. बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी टोप्या चिमट्यानं बाहेर काढून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवल्या, जुनी कवळी शेजारी धरून डावा खड्डा दाखवला. डॉक्टरांनी ढब्बूची छाती पुन्हा ऐकली, दोन्ही बाजू, सावकाश.

"दोन्हीकडे सारखंच वाजतंय. सर्दी," ते म्हणाले आणि पाचची वेळ खोडून टाकली.

नर्सबाईंनी पडदा ओढून दिला. ढब्बूनं दूध पिताना माझ्या शालीचं टोक मुठीत धरलं आणि पिऊन झालं तरी सोडलं नाही.

जिन्यात मी बाईंना विचारलं, "आईंना सरळ विचारलं असतं तर अर्धा तास वाचला नसता?"

"वाचलाही असता," त्या म्हणाल्या. "त्या काय धरून बसल्यात ते मला ठाऊक नव्हतं. मी कवळीचा विचार केला, त्यांचा केला नाही. तेवढं माझं चुकलं."

मग त्या बाबांच्या नव्या दातांबद्दल बोलायला लागल्या. वाकलेली सरळ होत नाही, नवीन करावी लागेल. डॉक्टर हो म्हणाले तर आणखी दोन खुंट, चारींना जोडणारी धातूची पट्टी, आणि पट्टीवर पकडून बसणारी कवळी. आईंच्यासारखी घट्ट, बाबांच्यासारखी निघणारी.

साडेसहाला आम्ही घरी पोचलो तेव्हा हे सगळं मी सांगितलं. बाबा जुनी कवळी लावून सूप पीत होते, डावी बाजू बोटानं दाबून.

"निघणारी म्हणजे निघणारीच ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

"आणि उकळायची नाही," ताई म्हणाल्या.

आई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. "मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला आता पाठ आहे."

ढब्बूला ताईंच्या कडेवर देऊन मी पाणी प्यायला फ्रिजकडे गेले. शनिवारच्या ओळीत, सात-चाळीसच्या पुढं, कोरा रकाना भरलेला होता. आईंचं अक्षर मोठं आहे, त्यांना चौकटी पुरत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, "ह्यांचे दात."

वर पहिला नियम माझ्या अक्षरात तसाच होता. तो मी दोनदा वाचला. 'प्रत्येक' शब्दाखाली मीच कधीतरी रेघ मारलेली होती.

फ्रिजवरचं पेन दोरीला बांधलेलं असतं. ते मी घेतलं. सहीच्या रकान्यात आईंच्या सहीशेजारी थोडी जागा होती. तिथं मी माझी सही केली.